घर कॅमेऱ्यासमोर मांडावे काय?

हल्ली आपल्या वस्त्यांतून एक नवाच प्रश्न घरोघर विचारला जात आहे. दहावीनंतर पुढे काय, खोलीचा पुनर्विकास कधी, मुलीसाठी स्थळ बघायचे की तिला शिकू द्यायचे, हे प्रश्न जुने झाले. नवा प्रश्न असा की, "पप्पा, आपण आपला चॅनल काढायचा का?" चॅनल म्हणजे घरातले जगणे मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकायचे. त्याला व्हिडिओ ब्लॉग म्हणतात, मुलांच्या तोंडी तो 'व्लॉग' झाला आहे. आमच्याही घरी हा प्रश्न दिवाळीच्या सुटीपासून ठाण मांडून बसला होता. त्याचा निकाल लावताना आम्ही जो विचार केला, जी चौकशी केली आणि जी भांडणे केली, ती इतर कुटुंबांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे मांडीत आहोत.

यूट्यूब ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. २००५ साली अमेरिकेत ती सुरू झाली. त्या वर्षी २३ एप्रिलला तिच्यावर पहिली चित्रफीत चढली, ती अवघ्या एकोणीस सेकंदांची. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून त्यांच्या सोंडा लांब असतात एवढेच सांगतो. त्यात कला नाही, विद्वत्ता नाही. कोणीही उठावे आणि काहीही सांगावे, ही या माध्यमाची तऱ्हा पहिल्या दिवसापासूनची आहे. आपल्याकडे मात्र ते श्रीमंतांच्या घरातच राहिले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि मग नाक्यावरच्या हमालापासून धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या हातात हा पडदा आला.

आमच्या घरात हा विषय थोरल्याने काढला. तो एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. धाकटी यंदा दहावीला आहे. दोघांचे म्हणणे असे की, आजीला कॅमेऱ्यासमोर बसवायचे. आमच्या आईचे माहेर आणि सासर दोन्ही जालना जिल्ह्यातले. ती येसूर भाजते, ज्वारीच्या कण्या शिजवते, धपाटी थापते, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू अशा रानभाज्यांची नावे आणि गुण तिला पाठ आहेत. जात्यावरच्या ओव्याही तिला येतात. मुलांचा मुद्दा साधा होता. असे जेवण आणि अशी माणसे पडद्यावर कोठे दिसतात?

उदाहरणे त्यांनी तयारच ठेवली होती. नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी शाळेत गेलेल्या नाहीत. नातवाने त्यांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ काढले आणि 'आपली आजी' हा चॅनल २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रभर गेला. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळ तुळसी नावाचे गाव आहे. चार हजारांच्या आसपास वस्ती, आणि त्यातले हजारभर लोक या ना त्या रीतीने यूट्यूबच्या कामात. कोणी लिहितो, कोणी अभिनय करतो, कोणी कॅमेरा धरतो. शासनाने २०२३ साली तेथे स्टुडिओही उभा करून दिला. आणि आम्हाला सर्वात भावलेले उदाहरण 'खबर लहरिया'चे. २००२ साली उत्तर प्रदेशात चित्रकूटला प्रामुख्याने दलित बायांनी चालविलेले ते वार्तापत्र. पुढे त्यांनी हातात मोबाईल घेतला आणि गावागावांतल्या बातम्या स्वतः टिपल्या. त्यांच्यावर निघालेला 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

वस्तीतल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका कार्यकर्त्याने नेहमीचा दाखला दिला. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आज कोणाच्या दारात जावे लागत नाही, तेव्हा काढा चॅनल! दाखला खरा आहे, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. पण पत्र काढणे आणि आपली राहती खोली चव्हाट्यावर मांडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पत्रात विचार छापला जातो, घरातले अंथरूण-पांघरूण छापले जात नाही. म्हणून आम्ही टाळी वाजविण्याऐवजी कागद-पेन्सिल घेतली.

पैशाचा हिशोब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून. तेव्हा पहिला प्रश्न जमा-खर्चाचा. मुलांना वाटते व्हिडिओ टाकला की पैसा सुरू होतो. तसे नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य लागतात, आणि शिवाय मागील बारा महिन्यांत लोकांनी आपले व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. (छोट्या उभ्या चित्रफितींचा दुसरा रस्ता आहे, पण तेथे नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जावे लागते. तो विचार आम्ही तेथेच सोडला.)

चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एका माणसाने सरासरी चार मिनिटे पाहिले असे धरले तरी साठ हजार वेळा पाहिले गेले पाहिजे. आठवड्याला दोन प्रमाणे वर्षाला एकशे चार व्हिडिओ झाले, तर प्रत्येक व्हिडिओ पावणेसहाशे लोकांनी बघायला हवा. आमचे सगळे नातेवाईक, कार्यालयातले सहकारी, विहारात येणारी मंडळी आणि मुलांचे मित्र मोजले तरी आकडा दोनशेच्या पुढे सरकत नाही. म्हणजे बाकीचे लोक अनोळखी असणार. त्यांना आपण काय म्हणून हवे आहोत, हा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

हे सगळे जमले तर पुढे जाहिरातीच्या उत्पन्नातले शंभरातले पंचावन्न आपले, पंचेचाळीस कंपनीचे. दहा डॉलर झाले की पत्ता खरा आहे का हे पाहण्यासाठी आकडे लिहिलेले पत्र टपालाने घरी येते. (आमच्या चाळीचे टपाल पोस्टमन पानाच्या गादीवर ठेवून जातो, तेव्हा ते पत्र मिळणे हीसुद्धा एक परीक्षाच.) शंभर डॉलर जमल्याखेरीज बँकेत पैसे येत नाहीत.

खर्चाची बाजू दिसायला हलकी आहे. मोबाईल घरात आहेच. एक तिकाटणे आणि कॉलरला लावायचा माईक दोन-अडीच हजारांत येतो. माईक हवाच, कारण आमच्या खोलीत एकीकडे शेजारच्या घरची मालिका, दुसरीकडे कुकरची शिट्टी, आणि पाणी आले की सगळ्या चाळीचा आरडाओरडा. दहा मिनिटांचे चांगले चित्रण एक जीबीच्या वर जाते, तेव्हा मोबाईलची जागा भरते. हे झाले दिसणारे खर्च. न दिसणारा खर्च मजुरीचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओमागे मांडामांड, चित्रण, काटछाट आणि वर लावायचे चित्र धरून थोरल्याचा आठ तासांचा दिवस जातो. मालकाने स्वतःची मजुरी धरली नाही तर नफा खोटा दिसतो, हे आम्ही कॉलेजात शिकलो. घराघरांतून चॅनल काढणारे नेमकी तीच मजुरी धरायला विसरतात.

आणि त्यातही बायकांची. आमच्या पत्नी घरी ब्लाऊज शिवतात. त्या सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "अहो, आई बोलणार, पोरं कापाकापी करणार, तुम्ही हिशोब लिहिणार. भांडी कोण घासणार? आणि खोली रोज कॅमेऱ्यासाठी आवरून कोण ठेवणार?" याला आम्हा बापलेकांजवळ उत्तर नव्हते. शेवटी ठरले की चित्रणाच्या दिवशी भांडी आणि आवराआवर आम्ही दोघे करू. हे ठरायलाच दोन रविवार गेले.

दुसऱ्याच्या जागेवर घर

आणखी एक गोष्ट आम्ही मुलांना बजावली. ही जागा आपली नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ अॅपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या किती मुलामुलींचे लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. बंदीचे कारण काहीही असो, त्यांच्या मेहनतीचा मोबदला कोणी दिला नाही. 'आपली आजी' हा चॅनलदेखील ऑक्टोबर २०२० मध्ये चोरांनी ताब्यात घेतला होता. सुदैवाने काही दिवसांत तो परत मिळाला. म्हणून पासवर्डबरोबर मोबाईलवर येणारी दुसरी खात्री लावून ठेवावी, आणि मूळ चित्रणाची एक प्रत आपल्याजवळ वेगळी जपावी. यूट्यूब उद्या राहो न राहो, आईचा आवाज घरात राहिला पाहिजे.

गाण्यांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. व्हिडिओच्या पाठीमागे आवडते भीमगीत लावावे असे कोणालाही वाटेल. पण ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपन्यांकडे असतात. यूट्यूबची यंत्रणा ते गाणे आपोआप ओळखते आणि जाहिरातीचा पैसा हक्कदाराकडे वळू शकतो. गाण्याच्या शब्दांवरही कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क असतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. आईच्या ओव्यांचे तसे नाही. त्या कोण्या एकाच्या नव्हेत, जात्यावर बसलेल्या अनेक बायांच्या आहेत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. आम्ही त्या आईला ऐकवल्या, तर ती दोन ओव्यांनंतर स्वतःच पुढची म्हणू लागली.

आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी आणखी एक विचार करावयाचा असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे कर्मचाऱ्याला परवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही, आणि घरातील व्यक्ती धंदा करीत असेल तर कार्यालयाला कळवावे लागते. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराबद्दल वेगळ्या सूचनाही काढल्या आहेत. तेव्हा "मी नुसता कॅमेरा धरला" असे म्हणून चालत नाही. आम्ही लेखी अर्ज करायचे ठरविले. नोकरीवर सहा माणसांचे घर चालते, ती चॅनलपायी धोक्यात घालणे परवडणारे नाही.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आई-बाप आपल्या लेकरांची शाळा, आजारपण, रडणे सगळे पडद्यावर टाकतात आणि पुढे पैसा आला तर तो लेकरांचा असतो का? फ्रान्सने २०२० साली सोळा वर्षांखालील अशा मुलांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तसा कायदा जुलै २०२४ पासून लागू आहे. धाकटीने स्वतःच सांगितले की तिला दहावीच्या परीक्षेपर्यंत समोर यायचे नाही. ती फक्त आवाज नीट येतो का ते पाहील. शाळेचा गणवेश, खोलीचा क्रमांक, भिंतीवरचे वीजबिल, येण्याजाण्याच्या वेळा यांतले काहीही दिसता कामा नये, हा नियमही तिनेच घातला. पोरगी आमच्यापेक्षा शहाणी निघाली.

भिंतीवरचा फोटो

आता मूळ मुद्द्यावर येतो. स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच्या भिंतीवर आमच्या घरी तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे. आमची एकच खोली, कॅमेरा कोठेही ठेवला तरी कोपऱ्यात ती येतेच. थोरल्याने चाचणी म्हणून काही चित्रण केले आणि जरा चाचरत म्हणाला, "पप्पा, फ्रेम थोडी उजवीकडे घेतली तर फोटो येणार नाही. मग सगळे लोक बघतील. फोटो दिसला की खाली काय काय लिहितात, मी वाचलंय."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्यांच्या व्हिडिओखालचा मजकूर त्याने आम्हाला दाखविला. तो येथे छापण्याच्या लायकीचा नाही. नळावर आणि पाणवठ्यावर जे ऐकावे लागे, ते आता टोपणनावाने लिहिले जाते, एवढाच फरक. धाकटी चिडली. "मग आडनाव पण लपव, आणि आजीची भाषा पण बदल," असे ती भावाला म्हणाली. दोघे दोन दिवस बोलत नव्हते.

थोरल्याला आम्ही दोष देत नाही. कार्यालयात, भाड्याची खोली बघताना, कॉलेजच्या वसतिगृहात आपली किती शिकलेली माणसे आडनाव हळू आवाजात सांगतात, हे आपण सारे जाणतो. पोराने ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हिशोबात धरले. पण पाहणारे वाढावेत म्हणून आपण जे आहोत ते फ्रेमबाहेर ठेवायचे, तर मग दाखवायचे तरी काय राहिले?

आई कोपऱ्यात लसूण सोलीत होती. तिने इतकेच विचारले, "ज्याच्या जिवावर ह्यो वट्टा मिळाला, त्यालाच बाजूला सारता व्हय रे?" विषय तेथे संपला. फोटो जागचा हलणार नाही.

पण आईची स्वतःची अडचण वेगळीच होती, आणि ती आम्हा कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. मुलांना १९७२ च्या दुष्काळातले जेवण दाखवायचे होते. आई तेव्हा नवी नवरी होती. खडी फोडायच्या कामावर जायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढलेले. ती म्हणाली, "मिलो खाऊन तोंडाची चव गेली व्हती. कोरड्या घशाखाली उतरत न्हवती ती भाकर. आन् तुम्ही तिची रेसिपी म्हून दावणार? वरतून बाजा लावणार, 'आज्जी रडली' लिवणार? लोकं चवीनं बघत्याल आमची उपासमार."

आम्ही सगळेच गप्प झालो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले तेव्हा आम्ही ते वाचले होते. मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटात काय होते आणि ते का होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. तेथे पदार्थाबरोबर त्याची कथा आहे, म्हणून ते वाचताना कोणाला मौज वाटत नाही. आम्ही आईला त्यातली काही पाने वाचून दाखविली. तिने मधूनमधून दुरुस्त्या सांगितल्या, आमच्याकडे हे असे नव्हते, तसे होते, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "सांगीन मी. पण मी सांगीन तसं. मधीच तोडायचं न्हाई."

तिच्या अटी आम्ही वहीत उतरविल्या. पाठीमागे संगीत नाही. तिच्या रडण्याचे चित्र वर लावायचे नाही. 'गरिबांचे जेवण' असे शीर्षक नाही. दुष्काळाची हकीकत सांगेल तेव्हा चूल बंद, नुसते बोलणे. आणि ती म्हणेल तेव्हा व्हिडिओ काढून टाकायचा, का म्हणून विचारायचे नाही.

खालच्या मजकुराची व्यवस्थाही यूट्यूबवर करता येते. प्रतिक्रिया साफ बंद ठेवता येतात, किंवा आपण वाचून मंजूर केल्यावरच दिसतील असे करता येते, ठरावीक शब्द अडविता येतात. सुरुवातीला आम्ही त्या बंद ठेवणार आहोत. जातीवरून अपमान झालाच तर अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आहे. इंटरनेटवरचा जातिवाचक अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका यूट्यूबरच्याच प्रकरणात म्हटले आहे. मजकुराचा फोटो, तारीख आणि दुवा ताबडतोब जपून ठेवावा, कारण लिहिणारा नंतर पुसून टाकतो. ही कार्यकर्ता म्हणून आमची सूचना.

तर आमच्या घराचा निर्णय पुढीलप्रमाणे झाला. चॅनल आमच्या पत्नीच्या नावाने, कारण राबणूक अर्धी त्यांची आणि बचत गटामुळे बँकेचा व्यवहारही त्यांना अवगत आहे. सुरुवात जगापुढे नाही. व्हिडिओ चढविताना तो सर्वांना खुला ठेवायचा, फक्त दुवा असणाऱ्यांना दिसेल असा ठेवायचा की साफ खाजगी ठेवायचा, हे आपल्या हाती असते. आम्ही मधला मार्ग घेतला. पहिले चार व्हिडिओ फक्त नात्यातल्यांना पाठवायचे. ते पाहून आई 'हो' म्हणाली, कार्यालयाचे उत्तर आले आणि धाकटीची परीक्षा संपली, की मग खुले करायचे. आठवड्याला दोन नाही, महिन्याला दोन. चार हजार तास भरोत न भरोत. थोरल्याला हे फारच संथ वाटते. त्याचे वय पाहता ते बरोबरच आहे.

मागच्या रविवारी येसूर टिपून झाला. मिरच्या भाजताना सगळ्यांना ठसका लागला, शेजारच्या मावशी दार ठोठावून गेल्या, त्यामुळे ते पाच वेळा थांबवावे लागले. जालन्याच्या आत्यांना दुवा पाठविला, तर त्यांचा फोन आला की वहिनीने धने कमी घातले. आई म्हणते, पुढच्या वेळी तिलाच बोलवा, दोघी मिळून ओव्या म्हणू. भांडी त्या दिवशी आम्ही आणि थोरल्याने घासली.